नव्या वर्षाचा संकल्प : ख्रिस्ती दृष्टी

वर्षाच्या पहिल्या दिवशी मनुष्य स्वतःला जितकी वचने देतो, तितकी उरलेल्या वर्षात तो दुसऱ्या कोणालाही देत नसेल. पहाटे उठेन, तंबाखू सोडीन, रागाला आवर घालीन, रोज चार पाने वाचीन, खर्चाचा हिशेब ठेवीन. १ जानेवारीला रोजनिशीचे पहिले पान सुवाच्य अक्षरांत भरलेले असते. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत अक्षर बिघडू लागते, आणि महिना उलटता उलटता पाने कोरीच राहतात. हा अनुभव कोणत्या एका देशाच्या वा धर्माच्या माणसाचा नव्हे. दिवाळीच्या पाडव्याला नव्या वहीची पूजा करणारा व्यापारी, गुढीपाडव्याला कडुनिंबाचे पान तोंडात टाकून मनाशी काही ठरविणारा गृहस्थ, आणि १ एप्रिलला नव्या नोंदवहीचे पहिले पान उघडणारा आमच्यासारखा सरकारी नोकर, हे सारेच त्या अनुभवाचे भागीदार आहेत.

संकल्प का मोडतात, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर ठरलेले आहे. इच्छाशक्ती दुर्बळ, म्हणून संकल्प मोडला. तेव्हा पुढील वर्षी इच्छाशक्ती अधिक बळकट करावी. पण हे उत्तर म्हणजे प्रश्नच वेगळ्या शब्दांत मांडणे होय. ज्या इच्छाशक्तीने दगा दिला, तिलाच बळकट करण्याचे काम कोणी करावयाचे? तिनेच ना! ख्रिस्ती परंपरेने या कोड्याचा विचार फार पूर्वीपासून केलेला आहे, आणि तिने काढलेले उत्तर, तसेच त्या उत्तरावर उभारलेल्या निरनिराळ्या रीती, ती श्रद्धा न स्वीकारलेल्या श्रोत्यालाही उपयोगी पडाव्यात अशा आहेत. आजच्या भाषणात त्यांचा परिचय करून घेऊ.

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. १ जानेवारी हा ‘ख्रिस्ती नववर्षदिन’ आहे, असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः ही तारीख रोमन लोकांची. या दिवशी रोमन नगरांत भेटींची देवघेव, मेजवान्या आणि धुंद उत्सव चालत. पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन यांनी आपल्या अनुयायांना या दिवसाविषयी जो उपदेश केला, त्याचा आशय असा की, लोक नजराणे देतील तेव्हा तुम्ही गरिबांना दान द्या. लोक मेजवान्या झोडतील तेव्हा तुम्ही उपवास करा. चर्चच्या उपासनेचे वर्ष नाताळापूर्वीच्या आगमनकालापासून सुरू होते. १ जानेवारी हा त्या पंचांगात ख्रिस्तजन्मानंतरचा आठवा दिवस. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे याच दिवशी बालकाचे नाव येशू असे ठेवण्यात आले. इंग्लंडात तर कायद्याने वर्ष सुरू होई ते २५ मार्चला. १७५२ साली पार्लमेंटच्या कायद्याने ते १ जानेवारीवर आणले गेले. थोडक्यात, ख्रिस्ती विचारात त्या तारखेला स्वतःची अशी काही पवित्रता नाही. दिवस, महिने आणि वर्षे पाळण्यातच धर्म आहे असे मानू नका, असे प्रेषित पौलाने गलतीकरांना बजावले आहे. मुहूर्त चांगला म्हणून संकल्प फळत नाही. मात्र मुहूर्ताच्या निमित्ताने मनुष्य क्षणभर थांबतो, मागे वळून पाहतो, आणि त्या थांबण्याला मोल आहे.

मागे वळून पाहिल्यावर काय दिसते? या ठिकाणी ख्रिस्ती शास्त्राचे तीन विचार ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला विचार पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रातला. जे चांगले करावे असे मला मनापासून वाटते ते माझ्या हातून होत नाही, आणि ज्याचा मला तिटकारा आहे तेच मी करतो, अशी कबुली तो तेथे देतो. ही कबुली एखाद्या दुर्वर्तनी माणसाची नव्हे. कडक धर्मशिस्तीत वाढलेल्या विद्वानाची आहे. म्हणजे बिघाड ज्ञानात नाही, केवळ निश्चयातही नाही. तो अधिक खोल आहे, आणि तो दुरुस्त करावयास मनुष्याला स्वतःबाहेरच्या साहाय्याची गरज आहे. या साहाय्यालाच ख्रिस्ती परिभाषेत ‘कृपा’ म्हणतात.

दुसरा विचार मत्तयाच्या शुभवर्तमानातील एका छोट्या दृष्टान्ताचा. एका माणसातून दुष्ट आत्मा निघून जातो. रानोमाळ भटकून परत येऊन पाहतो, तो त्याचे जुने घर झाडून, सजवून ठेवलेले, पण रिकामे. तेव्हा तो आपल्याहून वाईट असे आणखी सात सोबती घेऊन त्या घरात बिऱ्हाड करतो, आणि त्या माणसाची शेवटची दशा पहिलीपेक्षा वाईट होते. सवयींविषयी याहून अचूक निरीक्षण क्वचितच कोणी केले असेल. वाईट सवय बाहेर घालविणे म्हणजे काम अर्धे झाले. रिकाम्या जागी राहावयास कोण येणार हे ठरविले नाही, तर ती जागा फार दिवस रिकामी राहत नाही. संध्याकाळचा पत्त्यांचा अड्डा सोडणाऱ्याने त्या दोन तासांचे काय करावयाचे, हे आधी ठरविले पाहिजे.

तिसरा विचार याकोबाच्या पत्रात आहे. उद्या अमुक शहरी जाऊ, तेथे वर्षभर राहू, व्यापार करू, नफा मिळवू, असे खात्रीने बोलणाऱ्या व्यापाऱ्यांना तो विचारतो की, उद्या काय होणार हे तुम्हांला ठाऊक आहे काय? जीवन धुक्यासारखे आहे; क्षणभर दिसते आणि विरून जाते. म्हणून योजना आखताना ती ईश्वराच्या इच्छेच्या अधीन आहे हे विसरू नका. आपल्याकडे ‘देवाची इच्छा असेल तर’ असे जे म्हणतात, तोच हा भाव. याकोबाला योजना नको आहेत असे नव्हे. योजनेतला अहंकार त्याला नको आहे.

हे तीन विचार एकत्र घेऊन ज्याने संकल्पांचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग केला, तो म्हणजे अमेरिकेतील धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स. त्याचा जन्म १७०३ साली कनेक्टिकट येथे झाला. १७२२–२३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास, न्यूयॉर्कमधील एका लहान मंडळीत तो उपदेशक म्हणून काम करीत होता. त्या काळात त्याने स्वतःसाठी संकल्प लिहिण्यास आरंभ केला. १७२३ च्या ऑगस्टपर्यंत त्यांची संख्या सत्तर झाली. वेळाचा एक क्षणही व्यर्थ घालवावयाचा नाही. आयुष्याची ही शेवटचीच घटका असती तर जे करावयास मी धजलो नसतो, ते आताही करावयाचे नाही. खाण्यापिण्यात मिताहार राखावयाचा. कोणाची निंदा करावयाची नाही. रोज निजताना, तसेच आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या अखेरीस, आपण कोठे चुकलो याचा शोध घ्यावयाचा. असे ते संकल्प आहेत. आठवड्यातून एकदा सारी यादी वाचून काढावयाची, असाही नियम त्याने घालून घेतला होता.

पण या यादीतील खरी नवलाची गोष्ट तिच्या आरंभी आहे. ईश्वराच्या साहाय्यावाचून आपल्या हातून काहीही होणार नाही, अशी कबुली एडवर्ड्सने पहिल्या संकल्पाच्याही आधी लिहून ठेवली. पुढे तिसऱ्याच संकल्पात तो म्हणतो की, आपण कधी ढिले पडलो आणि यांपैकी काही पाळावयाचे राहून गेले, तर शुद्धीवर येताच जे जे आठवेल त्याचा पश्चात्ताप करीन. आणखी एका संकल्पात, आपल्या दोषांशी झुंजताना कितीही अपयश आले तरी झुंज सोडणार नाही, असा निश्चय आहे. म्हणजे संकल्प मोडल्यावर काय करावयाचे, हेही या माणसाने संकल्पातच लिहून ठेवले! आपले संकल्प एका दिवसाच्या चुकीने कोसळतात, याचे कारण त्यांत चुकीसाठी काही तरतूदच नसते. एक दिवस नेम चुकला की आपण म्हणतो, आता मोडलाच आहे तर राहू द्या. एडवर्ड्सच्या यादीत पडणे गृहीत आहे. म्हणून उठणेही गृहीत आहे.

ती रोजनिशी त्याने प्रामाणिकपणे लिहिली. २ जानेवारीच्या नोंदीत त्याने आपल्या मनाच्या मरगळीविषयी लिहिले आहे. आणि आपण कितीही निश्चय केले, कितीही युक्त्या योजिल्या, तरी ईश्वरी आत्म्याच्या प्रेरणेवाचून त्या साऱ्या फुकट आहेत, असा अनुभव नमूद केला आहे. गंमत अशी की, त्या काळच्या इंग्रजी गणनेत वर्ष मार्चात पालटत असल्यामुळे जानेवारीतील तारखांपुढे १७२२ आणि १७२३ असे दोन्ही आकडे लिहीत. म्हणजे ही मरगळ ‘नववर्षा’ची नव्हती, ती माणसाची होती.

याच काळात, त्याच अमेरिकेत, एडवर्ड्सहून सुमारे सव्वादोन वर्षांनी धाकटा असलेला बेंजामिन फ्रँक्लिन हा तरुण आत्मसुधारणेचा दुसरा प्रयोग करीत होता. त्याने तेरा सद्गुणांची यादी केली, एका लहानशा वहीत सात दिवसांचे रकाने आखले, आणि ज्या दिवशी ज्या गुणात चूक होई तेथे काळा ठिपका देण्यास आरंभ केला. एका आठवड्यात एका गुणावर विशेष लक्ष. तेरा आठवड्यांत एक फेरी. वर्षातून चार फेऱ्या. योजना एखाद्या कचेरीला शोभेल अशी नेटकी होती, आणि तिचा आपणास पुष्कळ फायदा झाला असे त्याने आत्मचरित्रात म्हटले आहे. पण तेराव्या गुणापाशी, म्हणजे विनम्रतेपाशी, गाडी अडली. आपण गर्व जिंकलाच, तर जिंकल्याचाच आपणास गर्व होईल, असे तो हसत हसत कबूल करतो. फ्रँक्लिन विनोदाने ज्या जागी थांबतो, एडवर्ड्सची यादी त्या जागेपासून सुरू होते. स्वतःच्या बळावर सुधारणारा मनुष्य यशस्वी झाला तर फुगतो आणि अयशस्वी झाला तर खचतो. कृपेवर विसंबणाऱ्याला फुगण्याचे कारण उरत नाही आणि खचण्याचेही उरत नाही. सिद्धान्त म्हणून तरी हे असे आहे.

ठिपक्यांची वही मात्र फ्रँक्लिनच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षे एका स्पॅनिश संताच्या पुस्तकात आढळते. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झालेला सरदार इग्नेशियस लोयोला पुढे जेझुइट संघाचा संस्थापक झाला. त्याचा ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ १५४८ मध्ये पोपच्या संमतीने प्रसिद्ध झाला. त्यात त्याने एकेका दोषासाठी आठवड्याच्या रेघा ओढून चुकांच्या खुणा करण्याची रीत सांगितली आहे. सकाळी निश्चय, दुपारी तपासणी, रात्री पुन्हा तपासणी. आणि कालच्या खुणांशी आजच्या खुणांची तुलना. याखेरीज रोजच्या आत्मपरीक्षणाच्या त्याने पाच पायऱ्या घालून दिल्या. त्या अशा : झालेल्या कृपेबद्दल आभार, आपले दोष दिसावेत म्हणून प्रकाशाची याचना, सबंध दिवसाचे तासातासाने अवलोकन, चुकांबद्दल क्षमायाचना, आणि उद्याचा निश्चय.

या क्रमाकडे लक्ष द्यावे. निश्चय अगदी शेवटी येतो, आणि आभार सर्वांच्या आधी. आपण नववर्षाचा संकल्प करतो तो बहुधा स्वतःवर चिडून. गेल्या वर्षीचा पराभव डोळ्यांपुढे असतो, आणि संकल्प ही एक प्रकारे स्वतःला दिलेली शिक्षाच असते. शिक्षा फार दिवस कोण भोगील? इग्नेशियसचे सांगणे असे की, आधी मिळालेले मोजा, मग हुकलेले. कृतज्ञ मनाला सुधारणा जाच वाटत नाही. कर्जदाराला सावकाराची भीती वाटते, पण ज्याचे कर्ज माफ झाले तो आपण होऊन काही देऊ पाहतो. दुसरे असे की, या रीतीत हिशेबाचा काळ वर्षाचा नसून दिवसाचा आहे. ख्रिस्ताने शिकविलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती आजच्यापुरती. निर्गमाच्या पुस्तकात रानात पडलेला मान्ना ज्यांनी उद्यासाठी साठविला, त्यांच्या भांड्यात किडे पडले. सवयीचेही तसेच आहे. बारा महिन्यांचा निश्चय एका दिवशी साठविता येत नाही.

येथवरचा विचार एकट्या माणसाचा झाला. आता इंग्लंडातील जॉन वेस्लीकडे वळू. एडवर्ड्स जन्मला त्याच १७०३ साली त्याचा जन्म झाला. मेथडिस्ट चळवळीचा हा प्रवर्तक मोठा व्यवहारचतुर संघटक होता. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथील प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी असे ठरले की, सभासदांच्या सुमारे बारा जणांच्या तुकड्या कराव्यात, आणि प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करण्यासाठी एका प्रमुखाने घरोघर जावे. हे प्रमुख घरोघर जाऊ लागले तेव्हा त्यांना लोकांची भांडणे, व्यसने, दारिद्र्य ही सारी दिसू लागली. वेस्लीने त्या वसुलीतून एक नवीच संस्था निर्माण केली. दर आठवड्याला ती बारा माणसे एकत्र बसत, आणि प्रत्येकाला विचारले जाई की, या आठवड्यात तुमच्या आत्म्याची काय खबर? वसुलीच्या कामातून लोकांच्या अंतःकरणापर्यंत वाट निघाल्याचे असे उदाहरण आमच्या खात्यांच्या इतिहासात तरी विरळाच!

त्याच सुमारास ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुड येथील कोळशाच्या खाणीत काम करणारे मजूर, जे पूर्वी रात्री दारूच्या गुत्त्यात घालवीत, ते रात्र प्रार्थनेत घालवू लागले. रिकाम्या घराच्या दृष्टान्ताची येथे आठवण व्हावी. त्यांनी गुत्ता नुसता सोडला नाही. गुत्त्याची वेळ दुसऱ्या गोष्टीने भरली. वेस्लीने ही ‘जागरणाची उपासना’ इतरत्र रुजविली, आणि तिच्यासाठी पौर्णिमेच्या जवळचा शुक्रवार ठरविला. त्यामुळे रात्री उशिरा घरी परतणाऱ्यांना चांदणे मिळे. मोठा निश्चय टिकावयाचा असेल तर अशा लहान सोयींचा विचार करावा लागतो. पुढे हे जागरण विशेषेकरून ३१ डिसेंबरच्या रात्रीशी जोडले गेले, आणि आज मुंबई-पुण्याच्या कित्येक मराठी मंडळ्यांतूनही त्या रात्री लोक प्रार्थनेसाठी जमतात.

११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील फ्रेंच चर्चमध्ये वेस्लीने आणखी एक उपासना घेतली. ईश्वराशी केलेला करार सर्वांनी मिळून नवा करावयाचा, अशी ती योजना होती. त्यासाठी त्याने सतराव्या शतकातील रिचर्ड अ‍ॅलीन या धर्मोपदेशकाच्या पुस्तकाचा आधार घेतला. त्या दिवशी सुमारे अठराशे माणसे उभी राहिली. ही ‘करार-नूतनीकरणाची उपासना’ पुढे वर्षाच्या पहिल्या रविवारी करण्याचा प्रघात पडला. तिच्यातील प्रार्थनेचा भाव असा की, मला काम दे किंवा बाजूला ठेव, भरभराट दे किंवा रितेपण दे, मी तुझाच आहे. पहा, येथे ‘मी अमुक किलो वजन कमी करीन’ अशी भाषाच नाही. संकल्पाचा कर्ता पालटला. मी वर्षाचे काय करीन, हा प्रश्न मागे पडून, या वर्षात माझे काय करावयाचे ते तू ठरव, असे समर्पण पुढे आले. आपल्या पूजेतील संकल्पात देशकालाचा उच्चार करून, आपण या अफाट काळात कोठे उभे आहोत हे आधी सांगावे लागते, आणि मग काय करावयाचे ते. दोन्ही रीतींत ‘मी’ला आधी त्याच्या जागी बसविले जाते.

परंतु श्रोतेहो, एवढ्यावर थांबलो तर चित्र फारच गुळगुळीत होईल. आत्मपरीक्षणाला एक मोठी मर्यादा आहे, आणि ती ज्याच्या ठिकाणी उघड दिसते तो दुसरा कोणी नसून खुद्द जोनाथन एडवर्ड्सच आहे. ज्या माणसाने रोज रात्री आपली चूक शोधण्याचा नेम केला, त्याने १७३१ मध्ये व्हीनस नावाची एक कृष्णवर्णीय मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली. त्याच्या घरात गुलाम होते, आणि त्या व्यवहाराचे त्याने समर्थनही केले. सत्तर संकल्पांच्या जाळ्यातून वेळाचा एक क्षण निसटत नव्हता. एक जिवंत माणूस मात्र निसटला! याचा अर्थ त्याची साधना ढोंगी होती असा नाही. अर्थ असा की, जी चूक सबंध समाजच चूक मानीत नाही, ती एकट्याच्या रोजनिशीत उमटत नाही. तिच्यासाठी दुसऱ्याचा आवाज ऐकावा लागतो, आणि विशेषतः ज्याला आपल्या सवयीची किंमत मोजावी लागते त्याचा. एडवर्ड्सच्याच मुलाने, धाकट्या जोनाथनने, पुढे १७९१ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध प्रवचन केले. वेस्लीने १७७४ मध्ये गुलामगिरीवर कडक टीका करणारी पुस्तिका लिहिली होती.

आणि वर्षअखेरच्या जागरणाचा सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग घडला तो याच संदर्भात. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी कृष्णवर्णीय लोक प्रार्थनेसाठी एकत्र जमून मध्यरात्रीची वाट पाहत होते. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८६३ रोजी, बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्तीचा अध्यक्ष लिंकन यांचा जाहीरनामा अमलात यावयाचा होता. कृष्णवर्णीय मंडळ्यांतून आजही त्या रात्रीचे स्मरण केले जाते. ख्रिस्ती दृष्टीने नव्या वर्षाचा संकल्प पुरा तपासावयाचा असेल, तर ही रात्र मोजमापासारखी जवळ ठेवावी. माझ्या संकल्पाने केवळ माझे शरीर हलके होणार, की दुसऱ्या कोणाच्या डोक्यावरचे ओझेही?

आपल्या महाराष्ट्रात या विचाराचे एक सुंदर उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओवीत गावे, या संकल्पाने त्यांनी ‘ख्रिस्तायन’ लिहावयास घेतले. १९१९ मध्ये ते निवर्तले, तेव्हा ते काव्य अपुरेच होते. ज्यांना शाळेचे शिक्षण जवळजवळ मिळालेच नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी पुढील बहुतेक अध्याय लिहून पतीचा संकल्प सिद्धीस नेला. तसेच पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो निराधार स्त्रियांचा संसार सांभाळीत असताना, सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला, आणि आयुष्याची अखेरची अनेक वर्षे, १९२२ मध्ये देह ठेवीपर्यंत, त्या भाषांतराला वाहिली. ही कामे एका जानेवारीच्या उत्साहाची नव्हेत. ती रोजच्या घासाघासाने झाली. आणि पहिल्या उदाहरणात तर एकाचा संकल्प दुसऱ्याने पुरा केला.

आता एक आक्षेप उरतो. सारे काही कृपेवर सोपविले, तर मनुष्य आळशी होणार नाही काय? चुकलो तरी क्षमा आहेच, मग धडपड कशाला? हा आक्षेप ख्रिस्ती विचारवंतांनीच सर्वांत कठोरपणे मांडला आहे. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिक बॉनहोफर याने १९३७ च्या आपल्या ग्रंथात अशा कृपेला ‘स्वस्त कृपा’ म्हटले आणि तिचा निषेध केला. खरी कृपा फुकट मिळते, पण स्वस्त नसते. ती माणसाचे सारे आयुष्य मागते. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याबद्दल तो तुरुंगात पडला. १९४४ च्या डिसेंबरात, बर्लिनमधील गेस्टापोच्या कोठडीत असताना, त्याने आपल्या घरच्यांसाठी नव्या वर्षाची एक कविता लिहून पाठविली. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी देण्यात आले. ज्याच्या पुढे वर्ष उरलेलेच नव्हते, त्याने नव्या वर्षाला उद्देशून विश्वासाचे शब्द लिहावेत, यात संकल्पाचा एक निराळाच अर्थ आहे. त्या कवितेत योजनांची यादी नाही. जे येईल ते ज्याच्या हातून येणार, त्या हातावरचा भरवसा मात्र तीत आहे.

मग ज्याला हा मार्ग पटतो, त्याने १ जानेवारीला काय करावे? वर सांगितलेल्या रीतींतून काही साध्या गोष्टी निघतात. संकल्पाआधी गेल्या वर्षातील उपकारांची उजळणी करावी. संकल्प थोडे असावेत, आणि ते एका दिवसात बसतील एवढे लहान असावेत. जे सोडावयाचे त्याच्या जागी काय आणावयाचे हे त्याच बैठकीत ठरवावे. नेम चुकल्यावर परत कसे यावयाचे, तेही लिहून ठेवावे. निदान एका विश्वासू माणसाला आपला निश्चय सांगून, आठवड्यातून एकदा विचारण्याचा अधिकार त्याला द्यावा. निदान एक संकल्प असा असावा की, ज्याचा लाभ आपल्याला नव्हे, दुसऱ्याला मिळेल. आणि या साऱ्याच्या आधी, हे माझ्या एकट्याच्या बळाने होणार नाही, अशी नम्र कबुली असावी.

गोव्यात आणि मुंबईच्या वांद्र्यासारख्या भागांत वर्षाच्या अखेरच्या रात्री पेंढा भरलेल्या ‘म्हाताऱ्या’चा पुतळा जाळण्याची चाल आहे, कोचीला असाच ‘पप्पांजी’ जाळतात. लहान मुलांना त्याची मोठी मौज वाटते. पण पेंढ्याचा म्हातारा एका काडीने जळून जातो. आपल्या आत बसलेला जुना मनुष्य तसा जळत नाही. त्याच्यासाठी ख्रिस्ताने सांगितलेला उपाय आगीचा नव्हे, खताचा आहे.

लूकच्या शुभवर्तमानात ती गोष्ट आहे. द्राक्षमळ्यात एक अंजिराचे झाड होते. मालक तीन वर्षे फळ पाहावयास येई, आणि रित्या हाताने परत जाई. शेवटी त्याने माळ्याला ते तोडून टाकण्यास सांगितले. उगाच जमीन कशाला अडवावयाची? माळ्याने विनविले की, एवढे एक वर्ष ते राहू द्या. मी त्याच्या भोवती खणतो, खत घालतो. मग फळ आले तर बरेच, नाही तर तोडा. गोष्ट येथेच संपते. झाडाला फळ आले की नाही, हे शुभवर्तमानकार सांगत नाही.

या गोष्टीत झाडाने काही संकल्प केल्याचा उल्लेख नाही. मागितले ते माळ्याने, आणि खणण्याचे कष्टही त्यानेच पत्करले. झाडाच्या वाट्याला आले ते एक वर्ष, मोकळी झालेली माती आणि खत. परंतु फळ धरावयाचे ते झाडानेच. नव्या वर्षाकडे पाहण्याची ख्रिस्ती दृष्टी याहून थोडक्यात सांगता येणार नाही. पुढचे वर्ष हे आपण कमावलेले वेतन नव्हे, ती कोणीतरी आपल्यासाठी मागून घेतलेली मुदत आहे. आणि मुदत मिळालेल्या माणसाने ती कशी वापरावी, हे वेगळे सांगावे लागत नाही.